इंजिनाचें माप आणि शर्यतीचा न्याय

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली त्या आठवड्यांत दोन विद्यार्थी दोन निरनिराळ्या तक्रारी घेऊन मजकडे आले. पहिला तासगांव तालुक्यांतला, वसतिगृहांत राहणारा. त्याच्या घरीं एक खिलार खोंड आहे. सुटींत त्याच्या चुलत्यांनीं तो शर्यतीस नेला. मैदान 'आदत' जनावरांचें होतें, म्हणजे ज्यांचे दुधाचे दांत अजून पडलेले नाहींत अशा खोंडांचें. पंचांनीं तोंड उघडून पाहिलें, तों खालच्या हिरडींतून कायमचा एक दांत नुकता डोकावूं लागला होता. झालें! खोंड परत फिरविला. त्याच मैदानांत चांगला वीतभर उंच व भरल्या छातीचा दुसरा एक खोंड, केवळ दांत उशिरां आले म्हणून, आदत ठरला आणि पहिला क्रमांक घेऊन गेला. "सर, ही शर्यत पायांची कीं दांतांची?" असें त्या मुलानें मला विचारलें.

दुसरा विद्यार्थी सातारा शहरांतला. त्याला मोटारसायकलींच्या शर्यतींचें विलक्षण वेड आहे. जगांतील शर्यतींच्या मधल्या गटांत ५९९ सी. सी. ची यामाहा आणि ९५५ सी. सी. ची डुकाती ह्या एकाच रेषेवरून सुटतात, हें त्यास मोठें अधर्माचें वाटत होतें. "सहाशेंचा गट म्हणावयाचें आणि त्यांत साडेनऊशें घालावयाचें, ही कोणती रीत?" हा त्याचा प्रश्न.

दोन्ही प्रश्न मुळांत एकच आहेत असें मला तेव्हांच वाटलें, आणि म्हणूनच ह्या लेखाचा प्रपंच. शर्यत सुरू होण्यापूर्वीं स्पर्धकांचें कांहीं तरी मोजावें लागतें. जें मोजावयाचें तें सामर्थ्य असतें, परंतु सामर्थ्य डोळ्यांना दिसत नाहीं. मग जें दिसतें व मोजतां येतें तें आपण त्याच्या जागीं धरतों. बैलाच्या ठिकाणीं तो दांत, मल्लाच्या ठिकाणीं वजन, आणि इंजिनाच्या ठिकाणीं सी. सी. हें दुसरें माप पहिल्याशीं कितपत जुळतें, यावर सारा न्याय अवलंबून आहे.

'मधला गट' हा शब्दच मुळीं कुस्ती आणि मुष्टियुद्ध यांच्या आखाड्यांतून मोटारसायकलींकडे आलेला आहे. वजनी गटांची गोष्ट आपल्या भागास नवी नाहीं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें ५२ किलोच्या गटांत लढून सहावे आले, आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें ५७ किलोच्या गटांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. वजनाचे गट नसते तर ह्या लहान चणीच्या मल्लाची विद्या शंभर किलोच्या देहाखालीं दडपून गेली असती व तिचें नांवही कोणास कळलें नसतें. गट पाडण्याचा खरा हेतु हा असा आहे. दुबळ्यावर दया करणें हा तो हेतु नव्हे. कौशल्य दिसूं द्यावें, जाड देहानें तें झांकून टाकूं नये, एवढाच आहे.

आमच्या गांवोगांवच्या जत्रांतील फडांत वजनाचा कांटा क्वचितच असे. वस्ताद मंडळी दोघां मल्लांना शेजारीं शेजारीं उभे करून नजरेनें जोखीत आणि जोड लावीत. ती नजर पुष्कळदां कांट्याहून अधिक अचूक असे, हें मी स्वतः पाहिलें आहे. पण तींत एक दोष होता. हरलेल्या पक्षास ती मान्य होत नसे! कांट्यावर आलेला आंकडा चुकीचा असला तरी तो सर्वांना सारखाच चुकीचा असतो. त्याच्याशीं भांडतां येत नाहीं. नियम करणारे लोक सोप्या मापाच्या मागें कां लागतात, याचें कारण येथें आहे.

आतां इंजिनाकडे वळूं. सी. सी. म्हणजे काय, हें बाजारांत गाडी घेणाऱ्या दहांपैकीं नऊ जणांस नीट सांगतां येत नाहीं. सातारच्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यांत पूर्वीं 'प्रिया' नांवाची स्कूटर तयार होत असे. ती दीडशें सी. सी. वर्गाची होती, हें आमच्या पिढींतील प्रत्येकास पाठ असे. पण दीडशें काय, असें विचारलें तर "ताकद" असें उत्तर मिळे. तें उत्तर बरोबर नाहीं. सी. सी. म्हणजे घनसेंटिमीटर, ती जागा आहे, ताकद नव्हे. सिलिंडर ही धातूची एक नळी. तींत दट्ट्या वरखालीं होतो. तळापासून माथ्यापर्यंत जातांना दट्ट्या जितकी जागा झाडून काढतो तिचें घनफळ काढावें, आणि जितके सिलिंडर असतील तितक्यांनीं त्याला गुणावें. यामाहाच्या 'आर ६' ह्या गाडीच्या नळीचा व्यास ६७ मिलिमीटर व दट्ट्याची चाल ४२.५ मिलिमीटर आहे. वृत्तचितीचें घनफळ काढण्याची रीत नववीच्या विद्यार्थ्यास येते. करून पाहिल्यास एका नळीचें घनफळ १५० घनसेंटिमीटरांस किंचित् कमी भरतें, आणि अशा चार नळ्या मिळून ५९९ होतात.

ज्यांच्या आजोबांनीं विहिरीवर मोट हांकली असेल त्यांना पुढील गोष्ट लवकर समजेल. तासाभरांत शेताला पाणी किती मिळालें, हें मोट केवढी होती एवढ्यावरून सांगतां येत नाहीं. तिनें किती खेपा केल्या तेंही पाहावें लागतें. लहान मोट चपळ बैलांनीं भराभर ओढली तर मोठ्या मोटेस हार जात नाहीं. इंजिन हें हवेची मोट आहे. जितकी हवा तें दर मिनिटास आंत ओढील तितकें इंधन त्यांत नीट जळेल, आणि तितकी त्याची अश्वशक्ति. सी. सी. हें केवळ मोटेचें माप. खेपांचा हिशेब त्यांत नाहीं.

असें असतां शर्यतवाल्यांनीं हेंच माप कां धरलें? दुसरीं मापें त्यांनीं करून पाहिलीं नव्हतीं असें नाहीं. आयर्लंड व इंग्लंड यांच्या मधल्या समुद्रांत मॅन नांवाचें बेट आहे. तेथील प्रसिद्ध शर्यतींना १९०७ सालीं आरंभ झाला. त्या पहिल्या वर्षीं इंजिनाच्या आकाराचा गटच नव्हता. एका सिलिंडरच्या गाडीनें एका गॅलनांत ९० मैल जावें, दोन सिलिंडरच्या गाडीनें ७५ मैल जावें, एवढेंच बंधन होतें. इंधन तोलून दिलें म्हणजे कोणी अवाढव्य इंजिन आणणार नाहीं, हा त्यांतील हिशेब. युक्ति चतुर खरी; परंतु गाड्या पळविण्याऐवजीं इंधन वांचविण्याकडे स्वारांचें लक्ष लागूं लागलें. १९११ सालीं नवे नियम झाले. त्यांत वरच्या गटांत एक सिलिंडरला ५०० सी. सी. व त्याहून अधिक सिलिंडरांना ५८५ सी. सी., आणि खालच्या गटांत अनुक्रमें ३०० व ३४० अशी परवानगी होती. त्या वर्षीं वरच्या गटांत दोन सिलिंडरच्या 'इंडियन' गाड्यांनीं पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. (नांवावरून कोणी अभिमान बाळगूं नये, ह्या गाड्या अमेरिकेंत बनत.) झालें, ओरड झाली, आणि १९१२ सालीं ती सवलत काढून घेऊन सर्वांना सरसकट ५०० व ३५० ह्या मर्यादा लावण्यांत आल्या.

मी हा जुना इतिहास मुद्दाम सांगितला. माझ्या विद्यार्थ्याला वाटलें कीं समान सी. सी. हा मूळचा सनातन धर्म, आणि सवलती म्हणजे हल्लींच्या काळाचा बिघाड. वस्तुतः सवलत आधीं होती, समानता मागाहून आली. आणि तीही न्यायाचा सखोल विचार होऊन आली असें दिसत नाहीं, तर भांडण मिटविण्यास सोपी म्हणून आली. १९४९ सालीं जागतिक अजिंक्यपद सुरू झालें तेव्हां १२५, २५०, ३५० व ५०० असे जे गट पडले त्यांतही सिलिंडर किती याचा विचार नव्हता.

सिलिंडरांच्या संख्येनें एवढें काय बिघडतें, हें आतां पाहूं. हा भाग थोडा गणिती आहे. ज्यांस गणिताचा कंटाळा असेल त्यांनीं एक परिच्छेद गाळून पुढें जावें. पण ज्यांस तो नाहीं त्यांना येथें खरी मौज आहे.

दट्ट्या किती वेगानें पळूं शकतो याला मर्यादा असते. प्रत्येक टोंकाला तो थांबून उलट फिरतो. वेग फार वाढविला तर त्याला ओढणारा दांडा तुटतो. समजा, सर्व इंजिनांच्या दट्ट्यांचा सरासरी वेग सेकंदास २० मीटर धरला. यामाहाची चाल आंखूड, ४२.५ मिलिमीटर, तेव्हां तिचें इंजिन मिनिटास सुमारें १४,१०० फेरे करील. दोन सिलिंडरच्या ९५५ सी. सी. डुकातीची चाल ६०.८ मिलिमीटर, तिचे फेरे सुमारें ९,९०० होतील. म्हणजे मोठी मोट सावकाश, लहान मोट भराभर. आतां हवा मोजूं. अशा इंजिनांत दट्ट्याच्या चार चालींपैकीं एकींत हवा आंत येते. त्या हिशेबानें यामाहा मिनिटास सुमारें ४,२३० लिटर हवा घेईल व डुकाती सुमारें ४,७१० लिटर. सी. सी. पाहिल्या तर डुकाती यामाहाच्या जवळजवळ दीडपट आहे. हवा पाहिली तर अंतर शेंकडा अकराच्या आसपास राहतें. ज्याला अन्याय म्हणून माझा विद्यार्थी हात आपटीत होता त्यांतील मोठा भाग ह्या एका हिशेबानें विरून जातो. वेग सारखा धरल्यावर चालीची लांबी हिशेबांतून निघून जाते आणि उरतें तें दट्ट्यांच्या माथ्यांचें एकूण क्षेत्रफळ. यामाहाचे चार माथे मिळून १४१ चौरस सेंटिमीटर, डुकातीचे दोन मिळून १५७. शर्यतीच्या इंजिनासाठीं घनफळाऐवजीं हें क्षेत्रफळ मोजलें असतें तर तें सामर्थ्याच्या अधिक जवळ गेलें असतें, असें माझें मत आहे.

हाच हिशेब जुन्या नियमास लावून पाहण्यासारखा आहे. जागतिक सुपरस्पोर्ट शर्यतींत, म्हणजे ह्याच मधल्या गटांत, दीर्घकाळ असा नियम होता कीं चार सिलिंडरांना ६०० पर्यंत, तीनांना ६७५ पर्यंत व दोनांना ७५० पर्यंत मोकळीक. कागदावर दोन सिलिंडरवाल्यास दीडशें सी. सी. ची भेट मिळाली असें वाटतें. परंतु त्या काळच्या डुकाती ७४८ च्या दोन माथ्यांचें क्षेत्रफळ १२२ च्या आंतच भरतें, आणि तीन सिलिंडरच्या ट्रायंफ ६७५ चें १२९. यामाहाचें १४१ हें वर सांगितलेंच आहे. म्हणजे सवलत मिळालेले लोकच मागें होते! १९९७ सालीं पाओलो कासोली यानें डुकाती ७४८ वर ही स्पर्धामालिका जिंकली खरी. पण त्या वेळीं सहाशेंच्या गाड्यांची आजच्याइतकी प्रगति झालेली नव्हती. १९९८ पासून २०२२ पर्यंत पंचवीस हंगाम झाले. त्या पंचवीसांतही अजिंक्यपद चार सिलिंडरच्या जपानी सहाशेंकडेच गेलें. स्वार बदलले, कारखाने आळीपाळीनें बदलले, पण इंजिनाची जात बदलली नाहीं. पंचवीस वर्षें एकाच जातीचें इंजिन जिंकत असतां जो नियम समान दिसतो, त्याची समानता आपण जरा निरखून पाहावयास हवी होती. ती कोणी फारशी पाहिली नाहीं, कारण सर्वांच्या अंगवळणीं पडली होती.

मग हा नियम मोडला तो तरी न्यायबुद्धीनें काय? मुळींच नाहीं, तो बाजारानें मोडला. ह्या शर्यतींत धांवणारी गाडी रस्त्यावर विकली जाणाऱ्या गाडीपासूनच केलेली असावी लागते. युरोपांत धुराचे नियम कडक झाले, सहाशेंच्या तिखट गाड्यांचें गिऱ्हाईक घटलें, आणि यामाहानें २०२० सालानंतर तेथें 'आर ६' रस्त्यासाठीं विकणें बंद केलें. ज्या जातीची गाडी दुकानांतच उरली नाहीं तिची शर्यत किती दिवस चालवावयाची? म्हणून २०२२ पासून दारें उघडलीं. दोन सिलिंडरची डुकाती ९५५, तीन सिलिंडरची ट्रायंफ ७६५, एम. व्ही. ऑगुस्ताची ८०० सी. सी. अशा गाड्या सहाशेंच्या जोडीला आल्या.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दुकानांतील स्थितींत डुकातीची जाहीर अश्वशक्ति १५५ आणि यामाहाची सुमारें ११८ होती. एवढें अंतर तसेंच ठेवून गाड्या सोडल्या असत्या तर शर्यत उरलीच नसती. म्हणून अधिकाऱ्यांनीं दुसरा उपाय योजला: ज्या गाडीचा जोर जास्त तिच्या हवेच्या झडपा पूर्ण उघडूं द्यावयाच्या नाहींत, फेऱ्यांना वरची मर्यादा घालावयाची, गाडीचें किमान वजन ठरवावयाचें, आणि शर्यतींचे निकाल पाहून हे आंकडे अधूनमधून बदलावयाचे. मोटेच्या भाषेंत सांगावयाचें तर मोट कितीही मोठी आणा, पण तिच्या तोंडाला आम्ही सांगूं तेवढाच दोर! २०२२ सालीं डोमिनिक एगर्टर यानें जुन्या 'आर ६' वरच अजिंक्यपद राखलें; २०२३ सालीं निकोलो बुलेगा व २०२४ सालीं आद्रियान ह्यूएर्तास हे डुकातीवर जिंकले; आणि २०२५ सालीं स्तेफानो मांत्सी यानें यामाहाच्या नव्या, ८९० सी. सी. च्या, तीन सिलिंडरच्या गाडीवर तें पद घेतलें. चार हंगामांत तीन प्रकारचीं इंजिनें! पूर्वींचीं पंचवीस वर्षें आठवलीं म्हणजे हा बदल केवढा, हें ध्यानांत येईल.

तरी ह्या नव्या रीतीवर माझा एक आक्षेप आहेच, आणि तो लहान नाहीं. कांट्यावरचें वजन शर्यतीच्या आधीं ठरतें. येथें माप शर्यत पाहून ठरतें. परीक्षा झाल्यावर हुषार मुलाची उत्तरपत्रिका पुन्हां मागवून त्याचे चार गुण कमी करावे, कीं पुढच्या खेपेस वर्ग सारखा दिसेल, अशांतला हा प्रकार होऊं शकतो. जो कारखाना कष्ट करून इंजिन सुधारील त्याच्याच गळ्यांत लोढणें पडावयाचें, आणि जो स्वस्थ बसेल त्याला सवलत मिळावयाची. शिवाय खरी ताकद झांकून ठेवण्याचा मोह निर्माण होतो तो निराळाच. कुस्तींत जसा एखादा मल्ल चांगली जोड मिळावी म्हणून आधींच्या दोन कुस्त्या मुद्दाम संथ लढतो, तसें.

ही अडचण आपल्याच महाराष्ट्रांत बनलेल्या एका गाडीस कशी भोंवली, तें सांगतों. पुण्याजवळ चाकण येथें बजाजच्या कारखान्यांत केटीएम कंपनीची 'आर सी ३९०' ही गाडी तयार होते. तिला एकच सिलिंडर, ३७३ सी. सी. चा. २०१७ सालीं सुरू झालेल्या सुपरस्पोर्ट ३०० ह्या जागतिक गटांत तिच्यासमोर यामाहाची दोन सिलिंडरची ३२१ सी. सी. ची गाडी होती, आणि पुढल्या वर्षीं कावासाकीची दोन सिलिंडरची ३९९ सी. सी. ची आली. सी. सी. पाहिल्या तर चाकणची गाडी यामाहाच्या पुष्कळ पुढें. पण मघाचाच हिशेब लावा: तिचा एकुलता माथा ६२ चौरस सेंटिमीटर, यामाहाचे दोन मिळून ७२ च्या वर, कावासाकीचे ७७. जिच्याजवळ सी. सी. अधिक तीच श्वासाला कमी! 'तीनशें' हें नांव गटाला, आणि त्यांत ३२१, ३७३ व ३९९, म्हणजे सी. सी. चें माप येथें नांवापुरतेंच उरलें होतें. फेऱ्यांची मर्यादा आणि वजन यांनींच सारी तोलातोल चाले, आणि तींत कावासाकीला आवर घातलेला होता. असें असूनही २०१८ सालीं आना कारास्को ह्या स्पॅनिश तरुणीनें त्याच कावासाकीवर एका गुणानें अजिंक्यपद मिळविलें. एकट्यानें चालवावयाच्या मोटारसायकलींच्या जागतिक रस्ताशर्यतींत अजिंक्यपद मिळविणारी ती पहिली स्त्री. तिचें वजन कमी म्हणून ती जिंकली, असें म्हणणारेही निघाले; पण मोड वळतांना अंगकाठीपेक्षां हात आणि डोळे लागतात, हें अशा टीकाकारांना कोणी सांगावें?

वजनाचा विषय निघाला म्हणून सांगतों, दुसऱ्या एका मालिकेंत ह्यावर तोडगा काढलेला आहे. 'मोटो-२' ह्या मधल्या गटांत गाडी आणि स्वार यांचें मिळून किमान वजन २१७ किलो असावें असा नियम करण्यांत आला. किरकोळ स्वाराच्या गाडीला त्यामुळें तें वजन भरून काढावें लागतें. खाशाबांच्या आखाड्यांतला कांटा शेवटीं मोटारसायकलीच्या मैदानांतही पोहोंचला तो असा. इंजिनाचा वाद तर तेथें मुळापासूनच उपटून टाकला आहे. २०१० सालीं हा गट सुरू झाला तेव्हां सर्वांना होंडाचें एकाच जातीचें ६०० सी. सी. इंजिन देण्यांत आलें, आणि २०१९ पासून सर्वांना ट्रायंफचें तीन सिलिंडरचें ७६५ सी. सी. इंजिन दिलें जाऊं लागलें. २०२३ सालच्या सप्टेंबरांत ह्या शर्यती दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथील बुद्ध मैदानावर झाल्या तेव्हां मधल्या गटांत पेद्रो अकोस्ता जिंकला. त्याचें इंजिन शेवटच्या क्रमांकावर आलेल्या स्वाराच्या इंजिनासारखेंच होतें, याविषयीं कोणी शंका घेतली नाहीं. न्यायाच्या दृष्टीनें याहून स्वच्छ व्यवस्था सुचत नाहीं. पण तिची किंमत अशी कीं दुसऱ्या कोणास उत्तम इंजिन सुचलें तर त्यानें तें घरींच ठेवावें.

तेव्हां माझ्या सातारच्या विद्यार्थ्याला मीं जें उत्तर दिलें तें असें. कोणता नियम न्याय्य, हें ठरविण्यापूर्वीं शर्यत कोणाची, हें ठरवावें लागतें. स्वारांची असेल तर सर्वांना एकच इंजिन द्या. कारागिरांची असेल तर एक माप आधीं ठरवा, मग तें घनफळ असो कीं क्षेत्रफळ, आणि जो उत्तम इंजिन करील त्याला जिंकूं द्या, पंचवीस वर्षें जिंकला तरी कुरकुरूं नका. आणि दुकानांत विकल्या जाणाऱ्या नाना जातींच्या गाड्यांची असेल तर तोलातोल केल्यावांचून गति नाहीं. मात्र ती कशी करणार तें हंगामाच्या आधीं सर्वांस छापून द्यावें, आणि निकाल पाहून हात घालण्याचे प्रसंग शक्य तितके थोडे ठेवावे. साडेनऊशें व सहाशें एका रेषेवर उभीं राहिलीं, एवढ्यानेंच अन्याय होत नाहीं. माझ्या मतें अन्याय होईल तो झडप किती रोखली हें गुप्त राहील तर.

मुलगा बुद्धिमान आहे. त्यानें वहीवर क्षेत्रफळांचा सगळा हिशेब पुन्हां केला, आणि ट्रायंफ ७६५ चें क्षेत्रफळ १४३ म्हणजे यामाहाच्या जवळजवळ बरोबर येतें, हें त्यानेंच मला दाखविलें. तें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. (पालकांनीं काळजी करूं नये, हा सर्व विचार बंदिस्त मैदानांतील शर्यतींचा आहे. यवतेश्वराच्या घाटांत जे वीर संध्याकाळीं आपल्या वडिलांच्या गाड्यांचीं इंजिनें जोखीत असतात त्यांना ह्या लेखाचा आधार घेतां येणार नाहीं.)

राहिला तासगांवचा विद्यार्थी. त्याचा तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांतच होता, तेव्हां त्यालाही मीं घरचाच समजून सांगितलें, कीं बाबा, दांत हें वयाचें माप आहे, बळाचें नव्हे. पण जनावराच्या जन्माचा दाखला गांवोगांव कोण ठेवतो? तोंड उघडलें कीं दिसतें, आणि सर्वांदेखत दिसतें, म्हणून जुन्या लोकांनीं तेंच धरलें. २०१४ सालीं न्यायालयाच्या निकालानें बंद झालेल्या ह्या शर्यती २०२१ च्या अखेरीस पुन्हां सुरू झाल्या, आणि २०२३ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्यांस मान्यता दिली, ती जनावरांस इजा होऊं नये म्हणून घातलेल्या नियमांसह. तेव्हां आतां कोणतें माप कसें घ्यावें याचा विचार करण्यास गांवकऱ्यांना सवड आहे. दांताबरोबर छातीचा घेर फितीनें मोजून पाहिला तर काय होईल, तें चुलत्यांना विचार, असें मीं त्यास सुचविलें. तुझा खोंड आतां दुसा झाला. दुसाच्या मैदानांत तो कदाचित् सर्वांत लहान ठरेल, हेंही सांगितलें.

त्यानें सर्व शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाला, "तें खरें, सर, पण त्या दुसऱ्या खोंडाचे दांत केव्हां येणार, तेवढें सांगा."